डायलिसिसवरच्या आईचा सीआरपी: ३८ खरा की ४.१ खरा?

केतकीबन | १२ जून, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढते आहे. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

आई ६३ वर्षांची. मधुमेह जुना. तीन वर्षांपासून डायलिसिस चालू आहे, सोम-बुध-शुक्र, सकाळची पाळी, चार-चार तास. तिच्या शिरा फार बारीक, म्हणून सुरुवातीला डाव्या हातात कृत्रिम नळीचा ग्राफ्ट बसवला होता. तो दीड वर्षात बंद पडला. मग काही महिने मानेतलं कॅथेटर आणि आता उजव्या दंडात फिस्टुला (शीर आणि धमनी जोडून केलेली सुयांची जागा). तो छान चालतो, हात ठेवला की थरथर लागते.

त्रास असा आहे की पाच महिने झाले, हिमोग्लोबिन ८ च्या पुढे सरकत नाही. एपोच्या (रक्त वाढवणाऱ्या इंजेक्शनच्या) सुया आठवड्याला दोनाच्या तीन केल्या. फेरिटिन ९२० आलं म्हणून लोहाची सुई बंद केली. अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन) ३.९ होतं, ते घसरत ३.० वर आलं. मे महिन्यात डायलिसिस युनिटने सीआरपी (रक्ताची एक तपासणी) करून घेतला, तो ३८. परवा घराजवळच्या लॅबमध्ये पुन्हा केला तर ४.१! भाऊ म्हणतो, उतरला, विषय संपला. पण आई होती तशीच आहे. एक जिना चढताना दोनदा बसते.

आणखी एक गोष्ट मनात सलते आहे. अल्ब्युमिन कमी म्हणजे प्रथिनं कमी, असं आम्हाला कळलं. आहारतज्ज्ञ बाईंनी रोज तीन अंड्यांचा पांढरा भाग सांगितला. आमची आई माळकरी आहे, चाळीस वर्षं घरात अंडं आलेलं नाही. आमच्या आग्रहाखातर तिने माळ काढून देव्हाऱ्यात ठेवली आणि डोळे मिटून खायला लागली. तीन महिने झाले. अल्ब्युमिन वाढलं तर नाहीच, ०.१ ने उतरलं. त्या दिवशी मी तिला विचारलं, “तू खातेस ना खरंच, की टाकून देतेस?” ती काही बोलली नाही.

कुणाला असा अनुभव आहे का? हा सीआरपी नेमका काय सांगतो?

---

सूक्ष्मदर्शी | १२ जून, रात्री ११:२५

ताई, आधी दोन्ही रिपोर्ट हातात घ्या आणि आकड्यापुढचं एकक वाचा. मी ३४ वर्षं पॅथॉलॉजीत काढली आहेत, ही गफलत शेकडो वेळा पाहिली आहे. काही लॅब सीआरपी मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये देतात, काही मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये. दुसऱ्या प्रकारातला आकडा १० ने गुणायचा. तुमचा ४.१ डेसिलिटरचा असेल तर तो ४१ आहे. म्हणजे उतरलेला नाही, थोडा चढलाच आहे. शेजारी छापलेली सामान्य मर्यादा बघा. ती ०.५ असेल तर डेसिलिटर, ५ असेल तर लिटर.

आता सीआरपी म्हणजे काय ते. १९३० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत टिलेट आणि फ्रान्सिस या दोघांना न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात हे प्रथिन सापडलं. न्यूमोकोकस जिवाणूच्या ‘सी’ नावाच्या शर्करेशी ते चिकटतं, म्हणून सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन. ते यकृतात तयार होतं. शरीरात कुठेही दाह (इन्फ्लमेशन) सुरू झाला की पांढऱ्या पेशी इंटरल्युकिन-६ नावाचा निरोप सोडतात, आणि तो निरोप पोचला की यकृत सीआरपी बनवायला लागतं. रक्तात त्याचा अर्धायुकाल साधारण १९ तास. म्हणजे कारण थांबलं तर तो चार-पाच दिवसांत धाडकन खाली यायला हवा. महिनाभर चाळिशीच्या आसपास टिकून असेल तर यकृताला तो निरोप अजून रोज पोचतो आहे. कुठून पोचतो, ते मात्र हा आकडा सांगत नाही.

डायलिसिसवरच्या लोकांचा सीआरपी बऱ्याचदा ५-१० च्या घरात असतो, कधी त्याहूनही थोडा वर. मूत्रपिंडं बंद पडली की दाह घडवणारे पदार्थ साचतात, आतड्यातल्या जिवाणूंची घाण रक्तात झिरपते, अंगात पाणी साठतं. त्यामुळे ८ किंवा १२ पाहून मी कुणाला घाबरवणार नाही. ४० मात्र शोधायला लावणारा आहे.

नमुना नेहमी मशीनवर घेण्याआधी, एकाच लॅबमध्ये द्या. सीआरपीचा रेणू मोठा असल्याने डायलायझरच्या (मशीनवरच्या गाळणीच्या) जाळीतून जात नाही, पण सेशनमध्ये पाणी काढलं की रक्त दाट होऊन आकडा थोडा फुगतो. आणि ईएसआर (दाहाचीच दुसरी रक्ततपासणी) कुणी सांगितला तर त्यावर फार विसंबू नका. डायलिसिसवर तो जवळजवळ सगळ्यांचाच चढलेला असतो.

---

आठवड्याला_तीन | १३ जून, सकाळी ६:५०

मी स्वतः अकरा वर्षं डायलिसिसवर आहे. आज माझी पाळी आहे, मशीनवर बसायच्या आधी घाईत लिहितोय.

माझा सीआरपी एकदा चार महिने २५-३० वर अडकला होता. छातीचा एक्स-रे, पोटाची सोनोग्राफी, सगळं झालं, काही सापडेना. शेवटी नेफ्रो (मूत्रपिंडाच्या) डॉक्टरांनी “आ करा” म्हणून टॉर्च मारला. हिरड्यांतून पू येत होता आणि मागच्या दोन दाढा हलत होत्या. दुखत नव्हतं म्हणून माझं लक्षच नव्हतं. डायलिसिसला लागल्यापासून मी दातांच्या डॉक्टरांकडे गेलोच नव्हतो. आठवड्याचे तीन दिवस दवाखान्यात गेल्यावर चौथ्या दिवशी कुणाला उत्साह असतो?

दाढा काढल्या, हिरड्या साफ केल्या, दीड महिन्यात सीआरपी ७. एक लक्षात ठेवा, दात काढायचा तर डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशी, कारण मशीनवर रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिन दिलेलं असतं. दंतवैद्यांना डायलिसिसचं आधी सांगा.

आईंचे पायही बघा, बोटांच्या बेचक्यांपर्यंत. मधुमेहात जखम झालेली कळत नाही.

---

थेम्सकाठी | १३ जून, दुपारी ३:१०

मी मूळची सांगलीची, इंग्लंडमध्ये रीनल (मूत्रपिंड) युनिटला परिचारिका आहे. मला फेरिटिनबद्दल लिहायचं आहे, कारण तिथे बरेच घरचे फसतात.

फेरिटिन म्हणजे लोहाचं कोठार, एवढंच सगळ्यांना ठाऊक असतं. पण दाह असला की फेरिटिनही आपोआप चढतं, सीआरपीसारखंच. शिवाय इंटरल्युकिन-६ मुळे यकृत हेप्सिडिन नावाचं संप्रेरक जास्त बनवतं, आणि ते पेशींमधून लोह बाहेर पडायची दारंच बंद करतं. जिवाणूंना लोह मिळू नये म्हणून शरीर हे करतं, पण त्यात अस्थिमज्जाही उपाशी राहते. कणगी भरलेली आणि चूल थंड! मग एपो कितीही टोचा, तांबड्या पेशी बनवायला लोह पोचतच नाही.

म्हणून एकट्या फेरिटिनकडे बघू नका. लोह आणि टीआयबीसी (रक्ताची लोह वाहून नेण्याची एकूण क्षमता) हे दोन आकडे शोधा. लोहाला टीआयबीसीने भागून १०० ने गुणा. उत्तर २० च्या खाली आलं तर फेरिटिन ९२० असूनही वापरायला लोह नाही, असा त्याचा अर्थ.

लोहाच्या सुईबद्दल इथे ब्रिटनमध्ये पिव्होटल नावाची मोठी चाचणी झाली, ५० केंद्रं, २१४१ रुग्ण, २०१९ साली छापून आली. दर महिन्याला भरपूर लोह दिलेल्या गटाची तब्येत जास्त चांगली राहिली, एपोही कमी लागलं. पण त्यातही फेरिटिन ७०० च्या वर गेलं की सुई थांबवायची असा नियम होता. आणि अंगात जंतुसंसर्ग चालू असताना शिरेतून लोह देत नाहीत. तेव्हा आईंची सुई थांबवली ते बरोबरच आहे. आता कारण शोधायला लागा.

---

केतकीबन | १३ जून, रात्री ९:३०

सूक्ष्मदर्शी काका, तुमचं बरोबर निघालं. डेसिलिटरच आहे! मर्यादा ०.५ च्या खाली अशी छापली आहे. म्हणजे ४१. भावाला फोटो पाठवला, तो बराच वेळ गप्प होता.

थेम्सकाठी ताई, लोह ३२, टीआयबीसी १९०. माझं उत्तर १७ टक्के येतंय. बरोबर ना?

आणि अल्ब्युमिनचं काय? ते अंड्यांनी का वाढलं नाही?

---

सूक्ष्मदर्शी | १३ जून, रात्री १०:४५

गणित बरोबर आहे.

ताई, अल्ब्युमिनबद्दल नीट लिहितो, कारण तुमच्या पहिल्या पोस्टमधलं ते “टाकून देतेस?” वाक्य वाचून मला रात्री झोप लागली नाही.

अल्ब्युमिनही यकृतच बनवतं. दाहाचा निरोप आला की यकृत आपली कामं फिरवतं. सीआरपी, फेरिटिन, फायब्रिनोजेन यांचं उत्पादन वाढतं आणि अल्ब्युमिनचं घटतं. त्याच वेळी रक्तातलं अल्ब्युमिन जास्त वेगाने मोडतं, काही रक्तवाहिन्यांबाहेर झिरपतं. भूक मरते, स्नायू झिजतात. अशा माणसाने ताटातलं सगळं खाल्लं तरी आकडा खालीच राहू शकतो. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेतल्या डॉक्टरांनी १९९९ च्या सुमारास हे दाखवून दिलं की कुपोषण, दाह आणि रक्तवाहिन्या कठीण होणं हे मूत्रपिंडाच्या रुग्णांत हातात हात घालून येतं. त्याच वर्षी आलेल्या एका जर्मन अभ्यासातही डायलिसिसच्या रुग्णांत ज्यांचा सीआरपी जास्त, त्यांचा मृत्यूचा धोका, विशेषतः हृदयविकाराने, जास्त दिसला. तोवर अल्ब्युमिन कमी म्हणजे खाणं कमी, असंच बहुतेक जण धरून चालायचे. आजही अनेक दवाखान्यांत तसंच धरतात.

अंडी वाया गेली असं नाही. डायलिसिसवर वजनाच्या दर किलोमागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं लागतातच, आणि अंड्याच्या पांढऱ्या भागात फॉस्फरस कमी असतो म्हणून आहारतज्ज्ञ तो सुचवतात. ती अंडी खाल्ली नसती तर कदाचित आकडा २.७ असता. पण तीन महिन्यांत तो वाढला नाही यात तुमच्या आईंचा काडीचाही दोष नाही. त्यांनी खाल्लंय. त्यांना तसं सांगा.

---

केतकीबन | १३ जून, रात्री ११:१५

सांगितलं. आत्ताच, तिच्या खोलीत जाऊन. सकाळपर्यंत थांबवलं नाही. ती म्हणाली, “अगं, मला वाटलं माझं खाल्लेलं अंगीच लागत नाही, पाप लागलं.” पुढचं नंतर लिहीन.

---

मशीनपलीकडे | १४ जून, दुपारी १:०५

मी डायलिसिस टेक्निशियन आहे, तालुक्याच्या ठिकाणी. आमच्या बाजूने दोन गोष्टी सांगतो.

पहिली, पाणी. मिनिटाला ५०० मिली द्रव डायलायझरमधून जातो, म्हणजे चार तासांत १२० लिटर. तुम्ही आम्ही पिऊन पोटात घालतो त्याच्या कितीतरी पट पाणी जाळीच्या एका पडद्यापलीकडे रुग्णाच्या रक्ताशेजारून वाहतं. आरओ प्लांटच्या पाण्यात जिवाणू वाढले तर ते स्वतः जाळीतून जात नाहीत, पण त्यांच्या कवचाचे तुकडे, ज्याला एन्डोटॉक्सिन म्हणतात, ते जाऊ शकतात. ताप येईलच असं नाही. नुसता सीआरपी वर राहतो. पाण्याची मर्यादा दर मिलिलिटरला १०० जिवाणूंच्या खाली आणि एन्डोटॉक्सिन ०.२५ एककांच्या खाली अशी आहे. अतिशुद्ध द्रव म्हणतात त्यात तर ०.१ आणि ०.०३. तुमच्या युनिटला पाण्याचा मागचा कल्चर (जिवाणूंच्या तपासणीचा) रिपोर्ट विचारा. रुग्णाच्या घरच्यांनी विचारलं तर चांगलं युनिट रागवत नाही, फाइल दाखवतं.

पण त्याआधी एक सोपी परीक्षा. त्याच पाळीतल्या इतरांचे सीआरपी कसे आहेत? सगळ्यांचेच चढले असतील तर पाणी बघायचं. एकट्या आईंचा चढला असेल तर आईंना तपासायचं.

दुसरी गोष्ट. तुम्ही पहिल्या पोस्टमध्ये लिहिलंय की डावा ग्राफ्ट बंद पडला. तो काढला की हातातच आहे?

---

केतकीबन | १४ जून, दुपारी १:४०

हातातच आहे, दादा. “बंद झाला, आता त्रास नाही, राहू दे” असं तेव्हा सांगितलं होतं. बाहेरून लाली नाही, सूज नाही, दुखत नाही. मे महिन्यात शेजारच्या मशीनवरच्या दोघांचे सीआरपी ६ आणि ९ होते असं आई म्हणते.

---

मशीनपलीकडे | १४ जून, दुपारी २:१५

मग हे नेफ्रो सरांना आजच सांगा. बंद पडलेला कृत्रिम ग्राफ्ट गुपचूप जंतू धरून बसू शकतो. आत गोठलेलं रक्त, बाहेरून रक्तपुरवठा नाही, त्यामुळे पांढऱ्या पेशी पोचत नाहीत आणि अँटिबायोटिकही नीट पोचत नाही. ताप नाही, दुखणं नाही, फक्त हिमोग्लोबिन चढत नाही आणि अल्ब्युमिन उतरतं. आमच्याकडे एका काकांचं असंच झालं होतं. प्रत्यारोपण केलेली किडनी बंद पडून आत राहिली तरी असाच दाह चालू राहू शकतो. नक्की तेच आहे असं मी म्हणत नाही, पण तपासल्याशिवाय सोडू नका.

---

पाणवठा | १४ जून, संध्याकाळी ७:२०

मी डॉक्टर नाही, पण आमच्या सासऱ्यांना गुळवेलीचा काढा आणि हळदीच्या गोळ्या देतो आहोत, दाहावर उत्तम म्हणतात. करून बघायला काय हरकत आहे?

---

थेम्सकाठी | १४ जून, रात्री ८:००

पाणवठा, तुमची कळकळ समजते, तरी कृपा करून डायलिसिसच्या रुग्णाला काढे देऊ नका. बहुतेक काढ्यांत पोटॅशियम किती आहे ते कुणी मोजलेलं नसतं आणि ते बाहेर टाकायला मूत्रपिंड नाही. गुळवेलीबद्दल तर मुंबईच्या डॉक्टरांनीच २०२१ साली यकृताला इजा झालेल्या रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली होती. हळद आमटी-भाजीत घालतो तेवढी ठीक. गोळ्यांच्या प्रमाणात ऑक्झलेटही जातं, ते या रुग्णांत साचतं. आणि समजा काढ्याने आकडा उतरलाच, तर आतला पू तसाच राहून फक्त खूण पुसली जाईल. मला त्याचीच जास्त भीती वाटते.

---

पाणवठा | १४ जून, रात्री ८:३५

हे ठाऊक नव्हतं. सासऱ्यांचं बंद करतो आणि उद्याच डॉक्टरांशी बोलतो. आभार.

---

आठवड्याला_तीन | १६ जून, सकाळी १०:३०

क्षयाची तपासणीही डॉक्टरांना विचारा. डायलिसिसवर क्षय पुष्कळदा फुप्फुसाबाहेर, गाठींत किंवा पोटात लपतो, आणि प्रतिकारशक्ती मंद असल्याने हातावरची मांटू चाचणी खोटी ‘नाही’ म्हणू शकते. आमच्या पाळीतल्या एका बाईंचा असाच मानेतल्या गाठीतून निघाला.

कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांनी सीआरपी उतरतो हेही मी वाचलं होतं. काकांना विचारतो, त्याचा उपयोग होतो का?

---

सूक्ष्मदर्शी | १६ जून, दुपारी १२:१०

आकडा उतरतो, पण पुढचा फायदा डायलिसिसवर दिसला नाही. २००९ च्या ऑरोरा चाचणीत २७०० हून अधिक रुग्ण होते. रोसुवास्टॅटिनने कोलेस्टेरॉल आणि सीआरपी दोन्ही खाली आले, पण हृदयविकार आणि मृत्यू तेवढेच राहिले. आता थेट इंटरल्युकिन-६ अडवणारी इंजेक्शनं तपासली जात आहेत. क्लाझाकिझुमॅब नावाच्या एकाने डायलिसिसच्या रुग्णांत सीआरपी खूप खाली आणल्याचं २०२४ साली प्रसिद्ध झालं. त्याने आयुष्य वाढतं का, हे ठरायला मोठी चाचणी लागेल. तोवर मूळ शोधणं हाच उपाय.

---

केतकीबन | ९ जुलै, रात्री १०:०५

उशिरा लिहिते आहे, माफ करा.

दात पाहिले, हिरड्या ठीक. पाय ठीक. एक्स-रे स्वच्छ, गाठी नाहीत. मग डाव्या हाताची सोनोग्राफी केली, तर जुन्या ग्राफ्टभोवती वरच्या टोकाला पाण्याची पातळ रेघ दिसली. डॉक्टरांनी पेट स्कॅन सांगितला. पडद्यावर अख्खी आई राखाडी आणि डाव्या दंडात एवढीशी जागा उजळलेली. आईने विचारलं, “हेच का ते?”

२ जुलैला ग्राफ्ट काढला. आतून पू निघाला, कल्चरमध्ये स्टॅफिलोकोकस जिवाणू. अँटिबायोटिक आता प्रत्येक डायलिसिसच्या शेवटी मशीनवरूनच देतात, वेगळी सुई नाही. काल सीआरपी केला तो ९६! आम्ही सगळे हादरलो आहोत.

---

सूक्ष्मदर्शी | ९ जुलै, रात्री १०:३०

शस्त्रक्रियेनंतर तो चढतोच, हातावर चीर दिली म्हणजे तोही दाहच. साधारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत वर असतो आणि मग उतरायला लागतो. तुमचा नमुना सहाव्या दिवसाचा आहे, तेव्हा ९६ हा आकडा सर्जनना आजच कळवा, जखमेवरची पट्टी उघडून एकदा बघू दे. तीन-चार दिवसांनी त्याच लॅबमध्ये पुन्हा करा. खाली येत असेल तर काळजी नको. ताप, हुडहुडी किंवा जखमेतून स्राव असेल तर थांबू नका, थेट दवाखाना.

---

केतकीबन | १४ जुलै, सकाळी ८:२०

सर्जननी त्याच रात्री फोनवर बोलून दुसऱ्या दिवशी टाके पाहिले. एका कोपऱ्यात थोडं पाणी साठलं होतं, ते काढलं. काल सीआरपी ३१.

---

मशीनपलीकडे | १४ जुलै, सकाळी ९:००

उत्तम. त्या हाताने सध्या काही उचलू देऊ नका.

---

केतकीबन | २१ सप्टेंबर, संध्याकाळी ६:४५

सीआरपी ऑगस्टमध्ये ९, आता ६. सगळे लिटरमध्ये, एकाच लॅबचे! हिमोग्लोबिन ७.८ वरून ९.७, आणि एपोच्या सुया पुन्हा आठवड्याला दोन. अँटिबायोटिक संपल्यावर लोह परत सुरू केलं. फेरिटिन स्वतःहून ५४० वर आलंय, लोहाची टक्केवारी २४. अल्ब्युमिन मात्र सावकाश, ३.४ आहे. काका म्हणाले होते की त्याचा अर्धायुकालच तीन आठवड्यांचा, तर धीर धरतोय.

अंड्यांचं आहारतज्ज्ञ बाईंशी पुन्हा बोललो. आई म्हणाली, बंद करायला सांगू नका, पनीर-डाळीत माझं फॉस्फरस वाढतं, मला ठाऊक आहे. रोज दोन खाते. मात्र सकाळी पूजा झाल्यावर माळ घालते, आणि अंडं खायच्या वेळी काढून ठेवते. मी काही बोलत नाही, डबी तिच्या हाताशी ठेवते.

एक प्रश्न अजून आहे. डाव्या हाताच्या करंगळीत मुंग्या येतात असं ती आठवडाभर म्हणते आहे. शस्त्रक्रियेचं असेल की मधुमेहाचं? बुधवारी दाखवणारच आहोत, पण आठवड्याला_तीन दादा, तुम्हाला असं काही झालं होतं का?

---

आठवड्याला_तीन | २१ सप्टेंबर, रात्री ९:१०

मला फिस्टुलाच्या हाताला झालं होतं, तिथे रक्त कमी पोचत होतं म्हणून. आईंचा डावा हात आता रिकामा आहे, तेव्हा ते कारण नसावं. बोटं गार पडतात का, रंग बदलतो का, रात्री वाढतं का, हे तीन दिवस वहीत लिहून ठेवा आणि बुधवारी ती वही डॉक्टरांपुढे ठेवा. आणि ६ बद्दल आईंना माझा नमस्कार सांगा.